नानासाहेबांचं डावं फुप्फुस

नानासाहेब वाचले, आमचा संघ राज्यात पहिला आला आणि माझ्या बायकोची जतला बदली झाली.

यातलं काहीही घडलेलं नाही. असं धरून चालायचं मी ठरवलं आहे आणि वाचणाऱ्यांनीही सहकार्य करावं. प्रणोती आत स्वयंपाकघरात आहे. ती तिथे दिसत नाही, एवढ्यावरून ती तिथे नाही असा निष्कर्ष कुणी काढू नये.

मी अभिनंदन मगदूम. फिजिओथेरपिस्ट, दंडोबा आरोग्यविज्ञान संस्था, मिरज. अतिदक्षता विभागातल्या पेशंटच्या छातीवर ठेक्यात थापट्या मारून कफ सुटा करायचा, त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायचे आणि जरा बरं वाटलं की त्यांच्या इच्छेविरुद्ध उभं करायचं, हे माझं काम. इतकी वर्षं शिकलो, तरी वॉर्डात मला 'मालिशवाले' म्हणतात. प्रणोती त्याच विभागात नर्स. आमचं जमलं तेही तिथेच, एका पेशंटच्या दोन बाजूंना उभं राहून. तो पेशंट बरा होऊन आमच्या लग्नाला आला होता. जेवला नाही, त्याला तेलकट वर्ज्य होतं.

आता संघकार्याच्या प्रशिक्षणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातून घडलं. म्हणजे घडलं नाही.

हॉस्पिटलात पेशंट अचानक बिघडतो, तेव्हा पुष्कळदा खोलीतल्या कुणाला तरी ते आधीच दिसलेलं असतं. पण ज्याला दिसलं त्याने ज्याला सांगायचं त्याला सांगितलेलं नसतं. नर्सला वाटतं, सर्जनला कसं सांगायचं. सर्जनला वाटतं, काही असतं तर नर्स बोललीच असती. फार्मासिस्टला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून या सगळ्यांना एकत्र आणून शिकवायचं. डॉक्टरने एकट्याने हुशार असून भागत नाही, खोली हुशार असावी लागते. आमच्याकडे हे शिक्षण नानासाहेबांवर चालायचं.

नानासाहेब रबराचे. त्यांना नाडी होती, घाम होता, छाती वरखाली व्हायची, ओठ निळे पडायचे आणि सांगाल तेव्हा ते मरायचे. चेहरा निवृत्त मुख्याध्यापकासारखा, त्यामुळे 'अहो नानासाहेब' हे आपोआप तोंडी आलं. त्यांच्या पोटात एकच वाक्य भरलेलं होतं, "छातीत लई दुखायला लागलंय, पोराला बोलवा." पोरगा कधीच आला नाही. आला असता तरी तो रबराचाच असता.

प्रशिक्षण वर्षानुवर्षं चालू होतं. अडचण एवढीच, की त्याचा उपयोग होतोय का हे मोजायचं कसं. पूर्वी शेवटी एक कागद देऊन 'प्रशिक्षण कसं वाटलं?' असं विचारायचे. सगळे 'अत्युत्तम'वर खूण करायचे, कारण चहाबरोबर बटाटेवडा असायचा. एका वर्षी वडा गार आला, तेव्हा संपूर्ण जिल्ह्याचं संघकार्य 'समाधानकारक'वर घसरलं.

मग 'समलय' नावाचं यंत्र आलं.

त्याचं शास्त्र सोपं आहे. निरोगी हृदय घड्याळासारखं ठोके देत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत किंचित कमीजास्त होत असतं. श्वास आत घेताना ठोके जरा जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. भीती, उत्सुकता, कंटाळा, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. आणि दोन माणसं एकाच गोष्टीत मनापासून गुंतली, की त्यांच्या ठोक्यांमधला हा चढउतार हळूहळू एकमेकांसारखा व्हायला लागतो. एकाचा चढला की क्षणभराने दुसऱ्याचा चढतो. हे त्या दोघांना कळत नाही आणि ठरवून तर मुळीच करता येत नाही. गळ्याच्या हाडाखाली टिकलीएवढी पट्टी लावली की समलय हा चढउतार टिपायचं आणि खोलीतल्या प्रत्येक जोडीला शंभरपैकी गुण द्यायचं. त्यांना जोडगुण म्हणायचे.

समलयला ठोके कळतात, ठोक्यांचं कारण कळत नाही. कंपनीच्या माणसाने हे पहिल्याच दिवशी अगदी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा आम्ही वडा खात होतो.

पुढे राज्याच्या मूल्यमापन समितीने नियम केला. नव्वदच्या वर जोडगुण असलेली जोडी म्हणजे 'अभंग जोडी', ती कधी तोडायची नाही. चाळीसच्या खाली असलेली 'विसंगत जोडी', ती एका छताखाली ठेवायची नाही, दोघांपैकी नोकरीत जो नवा त्याची दुसऱ्या शाखेत बदली. आमची दुसरी शाखा जतला, आणि आम्हा दोघांत नवी प्रणोती. अंतिम फेरीत जे गुण पडतील ते कायम. मात्र अंतिम फेरीत पेशंट दगावला, तर त्या संघाचे सगळे गुण रद्द, जो तो आपापल्या जागी आणि पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात.

हा शेवटचा नियम लक्षात ठेवा. मी ठेवला होता. मी एकटाच नाही, हे मला नंतर कळलं.

आमच्या संघात मी, प्रणोती, निवृत्तीला टेकलेले फार्मासिस्ट कोष्टीकाका आणि डॉ. शार्दूल रणभिसे. रणभिसे अतिदक्षता विभागाचा नवा डॉक्टर, पुण्याहून आलेला. त्याच्यात काही दोष असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो कुणावर ओरडायचा नाही. झाडूवाल्या मावशींना नावाने हाक मारायचा. माझ्या आईचा गुडघा कसा आहे हे माझ्याआधी त्याला माहीत असायचं. माझ्या नावावरून लोक हमखास एक विनोद करतात, तो त्याने एकदाही केला नाही. तेवढं तरी करायला काय हरकत होती? आणि काम चांगलं झालं की तो म्हणायचा, "सुंदर." मला म्हणायचा, कोष्टीकाकांना म्हणायचा, एकदा सलाइनच्या स्टँडला म्हणाला. पण तो "सुंदर, प्रणोती" म्हणायचा तेव्हा मधला स्वल्पविराम मला ऐकू यायचा नाही.

पहिल्या सराव फेरीनंतर प्रशिक्षण विभागाच्या मुजावर मॅडमनी आम्हाला खोलीत बोलावून गुण वाचून दाखवले. मॅडम कुठलीही बातमी एकाच आवाजात सांगतात. मृत्यू असो वा बोनस.

"प्रणोती आवटी आणि डॉक्टर रणभिसे. एक्क्याऐंशी."

"सुंदर," रणभिसे म्हणाला.

"कोष्टीकाकांचे सर्वाधिक गुण नानासाहेबांबरोबर आहेत. बासष्ट."

"वयाचं असंल," काका म्हणाले.

"प्रणोती आवटी आणि अभिनंदन मगदूम." मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. आकडा तोच राहिला. "चौतीस."

कोष्टीकाकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"मॅडम," काका म्हणाले, "ह्यांचं लगीन झालंय."

"मशीनला ते सांगितलेलं नाही, काका."

"सांगून बघा की. पाच-सहा मार्क वाढतील."

रणभिसेने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, हे फक्त आकडे आहेत," तो म्हणाला. एक्क्याऐंशी मिळालेल्या माणसाला असं म्हणणं सोपं जातं.

परत येताना मोटारसायकलवर प्रणोती मागे बसली होती. मी बराच वेळ काही बोललो नाही, म्हणजे तिला कळेल की मी काही बोलत नाहीये.

"तोंड का पाडलंस?" तिने विचारलं.

"कुठे काय. एक्क्याऐंशी म्हणजे डिस्टिंक्शन झालं की."

"अभी, मी त्यांच्या हातात वस्तू देते. त्यांना काय लागणार ते आधी ओळखावं लागतं. म्हणून ठोके जुळतात."

"मलाही आधी ओळखत जा ना."

"तुला काय लागणार ते ओळखायला लागत नाही. खर्डा, भाकरी आणि मीच चुकले असं कबूल करणं."

ती चिडली नव्हती. ती व्यवहारी बाई आहे. घरी पोहोचेपर्यंत तिने हिशेब मांडला होता, चौतीसचे चाळीस करायचे, सहा गुण हवेत, अंतिम फेरीला अवकाश आहे, म्हणजे अभ्यास करायचा. तिने मुजावर मॅडमकडून सरावासाठी दोन पट्ट्या आणल्या. फोनवर जोडगुण दिसायचे.

पहिला उपाय, समोरासमोर मांडी घालून एका तालात श्वास घेणं. ती "आत... बाहेर..." म्हणायची आणि मी करायचो. एकोणतीस आले. दुसरा उपाय, जिना. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण आम्ही हातात हात घेऊन जिन्याने गच्चीपर्यंत गेलो. शेजारच्या बाणदारकाकू दारातून म्हणाल्या, "नवस बोललाय का?" छत्तीस आले, पण उतरताना एकतीस. तिसरा उपाय माझा. हिरव्या मिरचीचा खर्डा आणि गरम भाकरी. दोघांच्या हृदयाला एकाच वेळी धक्का बसला की ठोके जुळणारच, असा माझा शास्त्रीय अंदाज. आम्ही एकदम घास घेतला. प्रणोतीच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या कानांतून वाफ. तिने पाण्याचा तांब्या समजून तेलाची बुधली उचलली, मी ती घाईने ओढली आणि दोघांच्या मांडीवर तेल. मग आम्ही जे हसत सुटलो, ते जमिनीवर आडवं होईपर्यंत. ती हसताना आधी आवाज काढत नाही, नुसती हलते, आणि ते बघून मला जास्त हसू येतं. लग्नाआधीपासून असंच आहे.

फोन बघितला तर आकड्याच्या जागी लिहिलं होतं, 'गोंगाट. नोंद वगळली.'

मी मुजावर मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, हसताना श्वासाचे तुकडे पडतात, छातीचे स्नायू थडथडतात, पट्टीला ठोका कुठला आणि हादरा कुठला हे ओळखता येत नाही. म्हणून समलय तेवढा भाग काढून टाकतं आणि उरलेल्याचे गुण देतं.

मी प्रणोतीला हे सांगितलं. ती ओढणीने तेल टिपत होती.

"म्हणजे आपण हसलो की आपण नसतोच," ती म्हणाली. आणि मग ती हसली नाही, त्यामुळे तेवढी नोंद झाली. अठ्ठावीस.

दुसऱ्या सराव फेरीत मी रणभिसेवर लक्ष ठेवलं. म्हणजे लक्ष नानासाहेबांवर ठेवायचं असतं, पण ते रबराचे होते आणि माझी बायको खरी होती. तो तिच्याकडे केव्हा वळतो, तिच्या हातून कात्री घेताना बोटं किती लागतात, 'सुंदर' म्हणण्याआधी किती थांबतो, सगळं मी टिपत होतो. मला त्याचं सगळं पाठ झालं. काही सुचलं की तो भुवई आधी उचलतो आणि हात मग. संकट आलं की खालचा ओठ आत घेतो. तो घाबरला की मला त्याच्याआधी कळायचं आणि मनातून बरं वाटायचं.

फेरीनंतर मॅडमनी गुण वाचले. प्रणोती आणि रणभिसे, एकोणऐंशी. प्रणोती आणि मी, तेहतीस.

"डॉक्टर रणभिसे आणि अभिनंदन मगदूम," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. "त्र्याण्णव."

कोष्टीकाकांना ठसका लागला. रणभिसेचे डोळे भरून आले, खरंच भरून आले. त्याने मला मिठी मारली. मला त्याचे ठोके जाणवले आणि ते माझ्याच तालात चालले होते.

"मला वाटायचं, तुला मी आवडत नाही," तो म्हणाला.

"छे," मी म्हणालो.

समलयच्या बाजूने बघितलं तर त्याचं काही चुकलेलं नव्हतं. एक माणूस दुसऱ्या माणसात मनापासून गुंतलेला होता. का गुंतलाय, हे विचारणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना न बोलण्याची पाळी प्रणोतीची होती. रेल्वेच्या फाटकाशी थांबलो तेव्हा तिने मागून विचारलं, "ते श्वास कसा घेतात?"

"कोण?"

"रणभिसे सर."

"आधी उजवा खांदा किंचित उचलतो," मी म्हणालो, "मग आत घेतो, वर जरासा थांबतो, आणि सोडताना..." इथे मला शंका आली.

"आणि मी?"

मालगाडी जात होती. मी तिचे डबे बघितले.

"मी कशी घेते रे श्वास?"

"नाकाने," मी म्हणालो.

फाटक उघडलं. ती घरापर्यंत मोटारसायकलच्या मागच्या दांडीला धरून बसली, मला नाही. माझ्या बायकोला माझ्यावरून मत्सर वाटत होता, आणि तो ज्या माणसाचा वाटत होता त्याचा मला तिच्यावरून वाटत होता. तिघांत फक्त रणभिसे सुखी होता. तो त्या आठवड्यात आमच्या घरी ताक घेऊन आला.

अंतिम फेरी जवळ आली तसा मला तो नियम आठवायला लागला. पेशंट दगावला तर गुण रद्द. प्रणोती जतला जाणार नाही, मी रणभिसेचा अभंग जोडीदार होणार नाही. पुढच्या वर्षी बघू. त्यासाठी कुणाला मारायची गरज नव्हती. फेरीत काहीतरी अडचण येणारच, तेव्हा मी फक्त गप्प बसायचं. मेला तर रबराचा माणूस मरेल आणि संध्याकाळी त्याला परत चार्जिंगला लावतील.

हे मी प्रणोतीला सांगितलं नाही. ती अशी नर्स आहे, की नानासाहेबांना सुई टोचण्याआधीही "थोडं दुखेल हं" म्हणते. तिला पेशंट मरू द्यायला सांगणं म्हणजे स्वतःहून घटस्फोट मागण्यासारखं होतं.

अंतिम फेरीला समितीचे लोक काचेच्या पलीकडे बसले होते. नानासाहेबांना नवा सदरा घातला होता.

"छातीत लई दुखायला लागलंय," नानासाहेब म्हणाले, "पोराला बोलवा."

मग त्यांचा श्वास बंद पडला. रणभिसेने खालचा ओठ आत घेतला. "नळी घालतोय. प्रणोती, हवा द्यायचा फुगा तयार ठेव. काका, औषधं भरा. अभिनंदन, छातीकडे बघत राहा."

श्वासनळीत घालायच्या नळीवर आकडे छापलेले असतात. नानासाहेबांच्या देहयष्टीच्या माणसाला ओठापाशी तेवीसचा आकडा दिसला की नळी जागेवर आहे असं समजायचं. ती जास्त आत सरकली तर उजव्या फुप्फुसाच्या फाट्यात शिरते, कारण तो फाटा जास्त सरळ आहे, आणि मग डाव्या फुप्फुसाला हवाच मिळत नाही. रणभिसेने नळी अचूक घातली. तेवीस. मी बघितलं. मग प्रणोतीने नळी बांधायची पट्टी पुढे केली आणि रणभिसेने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"सुंदर, प्रणोती."

तेवढ्यात त्याचा हात पुढे सरकला. नळी आत गेली. सत्तावीस. प्रणोतीने तिथेच पट्टी बांधली. खोलीतल्या कुणी ते बघितलं नाही. मी बघितलं, कारण त्याने तिच्याकडे बघितलेला प्रत्येक क्षण बघणं हे मी स्वतःला लावून घेतलेलं काम होतं.

थोड्याच वेळात यंत्र किंचाळायला लागलं. प्राणवायू नव्वद, मग पंच्याऐंशी, मग ऐंशी. छातीची डावी बाजू हलेना. रणभिसेने स्टेथोस्कोप लावला.

"डावीकडे आवाज नाही. फुप्फुसाबाहेर हवा साठून ते मिटलंय. काका, जाड सुई द्या. डावीकडे टोचून हवा काढतो."

चूक समजण्यासारखी होती. दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखीच दिसतात. पण नानासाहेबांचं डावं फुप्फुस ठणठणीत होतं, त्याला फक्त हवा मिळत नव्हती. सुई आत गेली असती, ठणठणीत फुप्फुसाला भोक पडलं असतं, वेळ गेला असता आणि नानासाहेब गेले असते.

मला काहीही करायचं नव्हतं. अक्षरशः काहीही नाही. गप्प बसणं मला शाळेपासून जमत आलेलं आहे, माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तसा शेरा आहे. मी समोर बघितलं. प्रणोती नळीला हात लावून उभी होती, खाली मान घालून. सत्तर. रणभिसेने सुईचं टोपण काढलं. त्याच्या कपाळावर घाम होता. माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करणारा, ताक आणणारा, मावशींची नावं पाठ असणारा हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या बायकोसमोर, काचेपलीकडच्या सगळ्या समितीसमोर साफ चुकत होता. आणि ते जगात फक्त मला माहीत होतं.

"सर, नळी खोल गेलीय," मी म्हणालो. "फुप्फुसाला काही झालेलं नाही. तुम्ही चुकलाय."

शेवटचे दोन शब्द वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हते.

रणभिसेचा हात हवेत थांबला. त्याने नळीवरचा आकडा बघितला. "बरोबर," तो म्हणाला. "थँक यू, अभिनंदन." त्याने नळी मागे ओढली. नानासाहेबांची डावी छाती वर आली. ऐंशी, नव्वद, सत्त्याण्णव. काचेपलीकडे समिती उभी राहून टाळ्या वाजवत होती. काकाही वाजवत होते. प्रणोती वाजवत नव्हती, पण तिच्या हातात नळी होती.

समितीचे अध्यक्ष आत आले आणि म्हणाले, हाताखालच्या माणसाने वरच्याला निर्भयपणे अडवणं आणि वरच्याने ते विनाअहंकार ऐकणं, संघकार्य ते हेच. माझे आणि रणभिसेचे जोडगुण अठ्ठ्याण्णव आले होते. राज्यात एवढे आजवर कुणाला नाहीत. प्रणोतीचे आणि माझे एकतीस.

खाली गाड्या लावायच्या जागेत प्रणोती मोटारसायकलपाशी उभी होती. तिने अजून गळ्याखालची पट्टी काढली नव्हती.

"नळीची पट्टी मी बांधली होती, अभी," ती म्हणाली.

"माहितीय. पण तुझी काही चूक नाही, त्याचा हात सरकला..."

"बांधताना आकडा माझ्या डोळ्यांसमोर असतो. सत्तावीस."



"म्हणजे तुला दिसलं होतं?"

"बांधून झाल्यावर दिसलं. आधी वाटलं, आत्ता सांगते. मग म्हटलं, नको." ती गाडीच्या आरशाकडे बघत बोलत होती. "नोकरीला लागल्यापासून मी एकदाही गप्प बसलेले नाही. मोठमोठ्या सर्जनांना थांबवलंय मी, शिव्या खाल्ल्यात. आज पहिल्यांदा म्हटलं, गप्प बसू या. रबरच आहे. मेला तर आपण दोघं इथेच राहू." तिने आरसा सरळ केला. "आत मी श्वास रोखून उभी होते. तुला ते दिसलं नाही."

दिसलं नव्हतं. मी दुसरीकडे बघत होतो.

"मीही गप्पच बसणार होतो," मी म्हणालो. "शपथ. तेच ठरवलं होतं."

"मग बोललास का?"

पेशंट होता म्हणून, असं म्हणता आलं असतं. समितीने तेच लिहून घेतलं होतं.

"तो चुकला गं," मी म्हणालो. "पहिल्यांदाच चुकला."

ती आरशाकडून माझ्याकडे वळली. "म्हणजे नानासाहेबांसाठी नाही."

"नाही."

"माझ्यासाठी पण नाही."

"तुझ्यामुळे," मी म्हणालो.

"ते वेगळं," प्रणोती म्हणाली आणि तिने गळ्याखालची पट्टी ओढून काढली.

तिने बॅग भरली तेव्हा मी मदत केली. आम्ही दोघांनी मिळून चादरीच्या घड्या घातल्या आणि एकदाही टोकं जुळली नाहीत. जतच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. "खर्डा एकट्याने खात जाऊ नकोस," ती म्हणाली, "पोट बिघडतं." बस सुटली तेव्हा ती श्वास कसा घेते हे बघायचा मी प्रयत्न केला, पण काच धुळकट होती.

मी आणि रणभिसे आता राज्यभर फिरतो. अभंग जोडी म्हणून अकोल्याला, लातूरला, चंद्रपूरला प्रात्यक्षिकं करतो. विश्रामगृहात आम्हाला एकच खोली देतात, जोडी तोडायची नाही हा नियम आहे. तो वळला की मला जाग येते. आमचे गुण आता नव्व्याण्णववर गेले आहेत, कारण प्रणोती त्याला फोन करून माझी तब्येत विचारते आणि मला त्याची विचारत नाही. जतला तिच्या संघात एक फिजिओथेरपिस्ट आहे, कुणी सनतकुमार. त्याच्याबरोबर तिचे किती आले, हे मी तिला विचारलेलं नाही. अठ्ठ्याऐंशी. मुजावर मॅडमना विचारलं.

अर्थात यातलं काहीही घडलेलं नाही, आणि तसं कागदोपत्री यावं एवढीच माझी इच्छा आहे.

तरी माननीय राज्य संघकार्य मूल्यमापन समितीस नम्र विनंती करण्यात येते की, अंतिम फेरीतील रुग्ण श्री. नानासाहेब (रबरी) यांना सदर फेरीपासून पूर्वलक्षी प्रभावाने मृत घोषित करण्यात यावे. त्यांच्या मुलास कळविण्याची आवश्यकता नाही, तो यापूर्वीही आलेला नाही. सदर रुग्ण त्यानंतर राज्यभर ज्या ज्या प्रात्यक्षिकांत जिवंत आढळला, ती सर्व रद्द समजण्यात यावीत. श्रीमती प्रणोती आवटी यांना मूळ जागी रुजू करून घेण्यात यावे. आणि मृत्यूचे कारण म्हणून अर्जदाराचे मौन नोंदविण्यात यावे, जे त्या वेळी पाळले गेले नाही, परंतु आता पाळण्यास अर्जदार तयार आहे.